मोटारीच्या बर्थाबाई बेंझ



थोरांची ओळख या सदरासाठी या वेळी मी बर्था बेंझ यांचे चरित्र निवडले आहे. मोटारगाडी कोणी तयार केली असे विचारले तर पुस्तकात कार्ल बेंझ हे नाव सापडते. ते खरेच आहे. पण त्या मोटारीतून लांबचा प्रवास पहिल्यांदा कोणी केला, वाटेत ती अडल्यावर कोणी नीट केली, इंधन संपत आल्यावर ते कोठून पैदा केले, असे विचारले तर उत्तर निराळे येते. त्या होत्या कार्ल यांच्या पत्नी बर्थाबाई. आमच्या घरी एक जुनी गाडी आहे. तिचे दुखणे मी जवळून पाहिले आहे. म्हणून मला हे चरित्र जास्तच आवडले.

बर्था यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फॉर्त्सहाइम या गावी झाला. हे गाव दागिने आणि घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांचे म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचे माहेरचे आडनाव रिंगर. वडील सुतारकाम व बांधकामाच्या धंद्यात होते आणि घरची परिस्थिती चांगली होती.

त्या घरात मुलांचे जन्म बायबलच्या पानावर लिहून ठेवायची रीत होती. बर्था थोडी मोठी झाल्यावर तिने स्वतःची नोंद वाचली. या खेपेलाही दुर्दैवाने मुलगीच झाली, अशा अर्थाचे काहीतरी तिथे लिहिले होते असे सांगतात. आपल्याकडे हे नवीन नाही. सातारा जिल्ह्यात मुलगी नको म्हणून नकुशी असे नावच ठेवलेल्या कितीतरी मुली होत्या. २०११ साली तिथे कार्यक्रम करून त्यांना नवी नावे देण्यात आली. जर्मनीसारख्या देशातही तेव्हा हेच चालायचे हे वाचून मला नवल वाटले, आणि रागही आला.

बर्थाला शाळेत विज्ञानाची गोडी होती. एखादे यंत्र दिसले की ते कसे चालते हे तिला जाणून घ्यायचे असे. पण शाळा संपली की पुढचा रस्ता बंद. तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेशच नव्हता. त्यांच्या बाडेन प्रांतात तो १९०० साली मिळाला. तोवर बर्थाबाई पन्नाशीच्या झाल्या होत्या आणि त्यांची मोटार जगभर माहीत झाली होती.

१८६९ साली एका सहलीत त्यांची ओळख कार्ल बेंझ या तरुण इंजिनियरशी झाली. कार्लचे वडील आगगाडीचे इंजिन चालवत. कार्ल दोन वर्षांचा असतानाच ते वारले. आईने फार काटकसरीत त्याला वाढवले आणि कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत शिकवले. घोड्याशिवाय, रुळाशिवाय आपोआप चालणारी गाडी करायची, हे एकच वेड कार्लच्या डोक्यात होते. सहलीत तो बर्थाशी याच विषयावर बोलत राहिला. दुसरी मुलगी कंटाळली असती. हिला मात्र त्यातच रस वाटला.

१८७१ साली कार्लने मानहाइम शहरात एका भागीदाराबरोबर लहानसा कारखाना काढला. भागीदार काही भरवशाचा निघाला नाही, आणि कारखाना बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाचे लग्न व्हायचे होते. लग्नात तिला जो पैसा मिळणार होता तो तिने वडिलांकडून आधीच मागून घेतला आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला गेला. हुंडा ही वाईटच गोष्ट आहे, आणि आपल्याकडे १९६१ सालापासून त्याला कायद्याने बंदी आहे. पण इथे ते पैसे नवरदेवाच्या घरच्यांनी मागितले नव्हते. ते कशात घालायचे हे मुलीने स्वतः ठरवले, आणि तेही सगळे जण वेड्यात काढतील अशा कामात.

२० जुलै १८७२ रोजी त्यांचे लग्न झाले. तिथल्या त्या वेळच्या कायद्याने, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याशिवाय पैशाचा व्यवहार करता येत नसे. त्यामुळे पैसा बर्थाबाईंचा असला तरी पुढच्या सगळ्या कागदांवर नाव एकट्या कार्लचे राहिले.

मग बरीच वर्षे ओढाताणीची गेली. ऑयगन, रिचर्ड आणि क्लारा ही मुले झाली. कर्ज झाले. कारखान्यावर जप्ती यायची पाळी आली. अशा दिवसांत कार्ल एका नव्या इंजिनावर काम करत होते आणि ते काही केल्या नीट चालत नव्हते. १८७९ सालच्या शेवटच्या दिवशी, रात्रीचे जेवण झाल्यावर, बर्थाबाईंनी नवऱ्याला आणखी एकदा कारखान्यात जाऊन पाहू असा आग्रह केला. दोघे गेले. इंजिन फिरवले, आणि ते चालू झाले! बंदच पडेना. दोघेही कितीतरी वेळ ऐकत उभे राहिले. एवढ्यात गावात नव्या वर्षाच्या घंटा वाजू लागल्या. हा प्रसंग पुढे कार्ल यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

पुढे नवे भागीदार मिळाले, १८८३ साली बेंझ कंपनी स्थापन झाली, आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटचा नंबर ३७४३५. गाडीला तीन चाके होती, आपल्या रिक्षासारखी पुढे एक आणि मागे दोन. इंजिन एका सिलिंडरचे, मागे बसवलेले. ताकद एका अश्वशक्तीपेक्षाही कमी. वेग ताशी सुमारे सोळा किलोमीटर. आपल्यातला एखादा मुलगा सायकल जोरात मारून तिच्या पुढे गेला असता. गोल स्टिअरिंग नव्हते, हाताने वळवायचा एक दांडा होता.

हे इंजिन कसे चालते ते थोडक्यात सांगते. इंधनाची वाफ आणि हवा आत ओढली जाते, दाबली जाते, ठिणगी पडली की भडका उडतो व दट्ट्या ढकलला जातो, आणि शेवटी जळका धूर नळीवाटे बाहेर जातो. पुन्हा तेच. आपली मोटारसायकल आजही याच चार पायऱ्यांवर चालते. पहिल्या पायरीपासून शेवटच्या नळीपर्यंत कुठेही अडले तर गाडी बंद तरी पडते, नाहीतर इंधन जास्त पिते.

गाडी झाली, पण घेणार कोण? लोक बघायला गर्दी करायचे, आवाजाला हसायचे आणि घरी जायचे. घोडा चारा खाऊन चालतो, हे यंत्र मध्येच बंद पडले तर काय करायचे, असे लोकांना वाटे. त्यात काही चूक नव्हती, कारण गाडी तोवर गावातल्या गावातच फिरली होती. कार्ल स्वभावाने संकोची. आणखी सुधारणा करू, मग दाखवू, असे त्यांचे चालले होते. बर्थाबाईंना हे पटेना. लांबच्या रस्त्यावर घातल्याशिवाय गाडीत काय कमी आहे हे कळणार नाही आणि लोकांचा विश्वासही बसणार नाही, असे त्यांचे मत होते.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात शाळांना सुट्टी होती. एके दिवशी पहाटे, कार्ल झोपेत असताना, बर्थाबाई, पंधरा वर्षांचा ऑयगन आणि त्याच्याहून दीड वर्षाने लहान असलेला रिचर्ड यांनी तिसऱ्या नमुन्याची नवी गाडी बाहेर काढली. फॉर्त्सहाइमला आईकडे जातो एवढी चिठ्ठी घरात ठेवली, आणि निघाले. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. आपल्याकडे पुणे ते सातारा साधारण एवढेच होईल. पण रस्ता बैलगाडी आणि घोडागाडीचा, पाट्या नाहीत, पेट्रोल पंप तर जगातच नव्हता. आमच्या आजीला मी हे वाचून दाखवले तेव्हा तिला माहेरी जायची ही तऱ्हा फार आवडली. कार्लला चहा कोणी दिला असेल, एवढीच काळजी तिने केली.

आता हिशेब पाहा. ही मोटार शंभर किलोमीटरला सुमारे दहा लिटर इंधन पीत असे, म्हणजे लिटरला दहा किलोमीटर. वेगळी टाकी नव्हतीच, कार्बुरेटरमध्ये मावेल तेवढे साडेचार लिटर इंधन हाच साठा. मग १०५ किलोमीटरला साडेदहा लिटर लागणार आणि जवळ साडेचार. म्हणजे गाडी काठोकाठ भरून निघाली तरी वाटेत निदान दोनदा इंधन घ्यावेच लागणार. चढाला जास्त लागते ते वेगळेच. गाडीवाल्यांच्या भाषेत ज्याला अ‍ॅव्हरेज म्हणतात त्याची काळजी मोटारीच्या जन्मापासूनची आहे.

इंधन म्हणून लिग्रोईन नावाचे पेट्रोलसारखे द्रव वापरत. ते कपड्यांवरचे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळे. वीसलॉख नावाच्या गावी बर्थाबाईंनी औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि दुकानदाराकडे लिग्रोईन मागितले. एवढे लिग्रोईन लागावे असे कपडे कोणाचे मळले, असे त्या दुकानदाराला वाटले असणार. आज त्या दुकानाला जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणतात. पुढच्या गावांतही त्यांना असेच इंधन घ्यावे लागले.

पाण्याचेही तसेच. इंजिन गार ठेवायला पाणी असे, पण ते उकळून वाफ होऊन उडून जाई. त्यामुळे वाटेत जिथे विहीर, ओढा किंवा खाणावळ लागेल तिथे पाणी भरायचे. मुलांना हेच काम मोठे होते.

मग गाडी अडली. इंधन येणारी नळी कचऱ्याने बुजली होती. बर्थाबाईंनी काय केले, तर आपल्या टोपीला लावलेली लांब पिन काढली आणि नळी साफ केली. त्या काळी तिकडच्या बायका टोपी केसांना पक्की बसावी म्हणून अशी पिन लावत. आणखी एकदा ठिणगीची तार घासून उघडी पडली. उघडी तार लोखंडाला टेकली की वीज तिकडेच जाते आणि आत ठिणगी पडत नाही. तारेवर गुंडाळायला काहीतरी हवे होते. बर्थाबाईंनी पायमोजे वर धरून ठेवायचा आपला पट्टा काढला आणि तारेला बांधला. गाडी सुरू. खर्च शून्य.

चाकांकडे ताकद नेणाऱ्या साखळ्या ताणून सैल झाल्या, तेव्हा ब्रुखझाल गावच्या लोहाराने त्या आवळून दिल्या. चढ आला की गाडीचा दम संपे. मग दोघांनी उतरून ढकलायचे आणि एकाने दांडा धरायचा. उतारावर वेगळाच ताप. ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे, ते चाकावर दाबायचे. डोंगराळ उतारांवर लाकूड झिजून गेले. बाउशलॉट नावाच्या गावात बर्थाबाईंनी चांभाराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीचा ब्रेक चांभाराकडून! पण विचार केला तर बरोबरच आहे. चपलेचा तळ झिजला की आपण नवी चप्पल घेतो का? नवा तळ मारून घेतो. झिजतो तेवढाच भाग बदलायचा. पुढे मोटारींच्या ब्रेकला जे अस्तर लावू लागले त्याची सुरुवात या चामड्यापासून धरतात.

इथे थोडे आमच्या गाडीचे सांगते, म्हणजे मला हे सगळे का पटले ते कळेल. माझ्या वडिलांची (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तीत ते भाजी बाजाराला नेतात. गेल्या वर्षी आईने तिच्या हिशेबाच्या वहीत पाहिले की पेट्रोलचा खर्च वाढलाय, फेऱ्या मात्र तेवढ्याच. तिने अण्णांना टाकी फुल्ल करायला लावली आणि आकडा लिहून ठेवला. चार दिवसांनी पुन्हा फुल्ल केली, जेवढे पेट्रोल बसले त्याने धावलेल्या किलोमीटरला भागले. आधी लिटरला पंधरा पडायचे, ते अकरावर आले होते. त्यातच गाडी फटफट आवाज करू लागली. एका ठिकाणी दाखवली तर सायलेन्सर गेलाय, पुढच्या नळीपासून मागच्या टोकापर्यंत सगळे नवे घाला, असे सांगितले. रकमेचा आकडा ऐकून अण्णा गाडी घेऊन परत आले.

मग आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. मीही बरोबर होते. त्यांनी आधी काहीच खोलले नाही. टायरमधली हवा पाहिली, ती कमी होती. एअर फिल्टर काढून झटकला तर धुळीचा ढग उडाला. मग एक लांब चक्कर मारून आले आणि चारी चाकांच्या मधोमध हात जवळ नेऊन पाहिला. मलाही दाखवले. तीन चाके कोमट आणि मागचे डावे चाक चांगलेच तापलेले. त्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. पाय काढला तरी तो घासतच होता, म्हणजे गाडी ब्रेक दाबूनच चालल्यासारखी. पेट्रोल तिथे जात होते. आवाज करणारा एक, आणि पेट्रोल खाणारा दुसराच!

नळीला भोक होते ते खरे. ते मिस्त्रीकाकांनी इंजिन सुरू करून, चिंधी लांबट काठीला गुंडाळून ती जोडांजवळ फिरवून शोधले. जिथे चिंधी फडफडली तिथे धूर निसटत होता. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा पाण्याची वाफसुद्धा तयार होते. जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या तर नळी पुरती तापत नाही, ते पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. आमच्या व्हॅनच्या फेऱ्या जवळच्याच. काकांनी गंजलेला वीतभर तुकडा कापला, तेवढ्याच मापाची नळी वेल्डिंग करून जोडली, जोडातले जुने गॅस्केट टाकून नवे घातले आणि पट्टी आवळली. सायलेन्सरचा डबा चांगला होता तो तसाच ठेवला. हे काम टाळायचे नाही, असे मात्र त्यांनी बजावले. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, आणि भोकातून तो गाडीत शिरला तर बसलेल्या माणसांच्या जिवावर बेततो. नव्या गाड्यांमध्ये धुराच्या नळीत एक सेन्सर असतो. त्याच्या जवळ भोक पडले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि पेट्रोल उगाच जास्त सोडले जाते. अशा गाड्यांत भोकामुळेही अ‍ॅव्हरेज पडते. आमच्या जुन्या गाडीला तो सेन्सर नाही. ब्रेक, हवा आणि फिल्टर एवढे नीट झाल्यावर ती पुन्हा चौदाच्या वर गेली. आईने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय. एकूण खर्च आधी सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आला.

बर्थाबाईंकडे मिस्त्री नव्हता आणि सुटे भाग मिळणारे दुकानही नव्हते. गाडी अडली की त्यांनी आधी विचार करायचा: इंधन येत नाही, की ठिणगी पडत नाही, की साखळी ओढत नाही? कारण एकदा नक्की झाले की पिन, पट्टा, लोहार, चांभार हे सुचत गेले.

अंधार पडता पडता ते तिघे फॉर्त्सहाइमला पोचले, धुळीने आणि तेलाने माखलेले. पोचल्याची तार कार्लना केली. दिवसभर त्यांचे काय झाले असेल याचा विचारच करवत नाही. काही दिवसांनी तिघे दुसऱ्या वाटेने त्याच गाडीतून परत आले. जाऊन येऊन प्रवास सुमारे १९० किलोमीटरांचा झाला.

कोणी म्हणेल, न विचारता गाडी नेली हे चांगले का? आमच्या वर्गात यावर वाद झाला. माझे मत असे की, गाडीत पैसा त्यांचा होता, रात्रीच्या जागरणांत त्यांचा वाटा होता, तेव्हा त्यांनी ती नेली यात गैर काही नाही. चिठ्ठी तर ठेवलीच होती.

परत आल्यावर बर्थाबाई आणि मुलांनी कार्लना सगळे सांगितले. कोठे अडली, काय झिजले, कोणत्या चढावर ढकलावी लागली. कार्ल यांनी ते ऐकले हे त्यांचे मोठेपण. चढासाठी त्यांनी आणखी एक गिअर बसवला, ब्रेकही सुधारले. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात मोटारीला सुवर्णपदक मिळाले. गिऱ्हाइके हळूहळू येऊ लागली. एकोणिसावे शतक संपताना बेंझ कंपनी ही जगातली सर्वांत मोठी मोटार बनवणारी कंपनी होती. १८९९ या एका वर्षात तिने ५७२ गाड्या तयार केल्या.

नंतरचे आयुष्य थोडक्यात सांगते. दोघांना एकूण पाच मुले झाली, दोन मुलगे आणि तीन मुली. १९०३ साली मतभेद होऊन कार्ल कंपनीच्या कामातून बाजूला झाले. लाडेनबुर्ग या लहान गावी त्यांनी मुलांना घेऊन नवा कारखाना काढला. १९२६ साली जुनी बेंझ कंपनी आणि डाइमलर कंपनी एक झाल्या. मर्सिडीज-बेंझ या नावातले बेंझ म्हणजे हेच. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल वारले. आयुष्याची नाव बुडायची वेळ आली तेव्हा आपल्याबरोबर त्या नावेत एकटी बायकोच राहिली, अशा अर्थाचे त्यांनी आठवणींत लिहिले आहे.

त्यानंतर बर्थाबाई लाडेनबुर्गच्या घरात पंधरा वर्षे राहिल्या. ३ मे १९४४ रोजी त्यांना ९५ वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी कार्ल्सरूहच्या त्याच तंत्रविद्यापीठाने, जिथे कार्ल शिकले होते आणि मुलगी म्हणून यांना कधीच शिकायला मिळाले नसते, त्यांना मानाचे सभासदत्व दिले. दोन दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत मोटारक्षेत्रातील थोरांचे एक स्मृतिदालन आहे. तिथे कार्ल यांचे नाव १९८४ साली लागले. बर्थाबाईंचे नाव त्यांच्या शेजारी लागायला २०१६ साल उजाडले, म्हणजे बत्तीस वर्षे मध्ये गेली. जर्मनीत मात्र २००८ साली मानहाइम ते फॉर्त्सहाइम आणि परत अशा त्या रस्त्याला बर्था बेंझ स्मृतिमार्ग असे नाव मिळाले. वाटेवर पाट्या लावल्या आहेत. वीसलॉखच्या त्या औषधाच्या दुकानासमोर बर्थाबाईंचे स्मारक उभे आहे.